हिरव्या खुणेचं पान

रोज सकाळी साडेआठला बबिताबाई दुकानाचं शटर वर ढकलते, खुर्चीवरून फडकं फिरवते, लॅपटॉपचं झाकण उघडते आणि बाकावरच्या गिऱ्हाइकांकडे न बघता आधी एक काम करते. खिडकीचं चित्र असलेलं बटन आणि वरच्या ओळीतलं प्रिंट स्क्रीनचं बटन, दोन्ही एकदम दाबते. डोळा मिटावा तसा पडदा क्षणभर अंधारतो. मग ती फोटोंच्या फोल्डरमध्ये जाते, नुकताच पडलेला रिकाम्या पडद्याचा फोटो उघडून बघते, "आला," म्हणते आणि पुसून टाकते. त्यानंतरच मान वळवते. "हां, कुणाचं काय हाय?"

नवख्या माणसाला वाटतं, बाई लॅपटॉपची पूजा करते. चौसाळ्यातल्या माणसांना कारण माहीत आहे. ज्या दिवसामुळे ही सवय लागली त्या दिवशी त्या बाकावर आम्ही चार-पाच जण बसलेलो होतो, मीही माझ्या एका परीक्षेचा अर्ज घेऊन.

बबिताबाईचं माहेर लिंबागणेशचं. घरात मेंढरं. लहानपणी संध्याकाळची मोजणी तिच्याकडे असायची. जाळीच्या कुंपणाला एक माणूस जाईल एवढं तोंड ठेवायचं, मेंढरं एकेक करून आत सोडायची, आत गेलेल्या प्रत्येकीच्या पाठीवर वडील लाल रंगाचं बोट ओढायचे आणि ही पोर म्हणायची, "आली... आली... आली." आकडा कुणी उच्चारायचं नाही. चेहरे पाठ असायचे, न आलेली लगेच कळायची. नियम एकच होता. आत शिरली तीच मोजायची. तोंडाशी उभी असलेली, कितीही लाडकी असली तरी, मोजायची नाही. ती शेवटच्या क्षणी उडी मारून पळू शकते.

लग्न होऊन ती चौसाळ्याला आली. नवरा सोमेश्वर. तोही मेंढरांमागे, दिवाळी झाली की पाच-सहा महिने बाहेर. मुलीच्या शाळेसाठी बबिताबाई गावात राहिली. राहिली तर बसायचं कशाला, म्हणून बाहेरून, सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावी झाली आणि पुढे कॉम्प्युटरच्या तीन महिन्यांच्या क्लासला रोज एसटीने नेकनूरला जायला लागली. भाच्याचं शिक्षण संपलं तेव्हा त्याने स्वतःचा जुना लॅपटॉप मामीला दिला. त्याची बॅटरी जेमतेम पाऊण-एक तास टिकते आणि झाकणावर कुठल्याशा क्रिकेट संघाचा वाघ चिकटवलेला आहे. तेवढ्या भांडवलावर स्टँडसमोर, मोटार वाइंडिंगच्या दुकानाला लागून, फळी लागली: 'ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील.'

क्लासचा फक्त एक तास तिचा बुडाला होता. आदल्या दिवशी सरांनी सांगितलं, हे बटन दाबलं की पडद्यावर जे दिसतंय त्याचा फोटो निघतो. उद्या पुढचं शिकवतो. त्या उद्याच्या पहाटे घरी ठेवलेली एक गाभण मेंढी अडली. बबिताबाईने दुपारपर्यंत खपून दोन कोकरं जिवंत बाहेर काढली आणि एसटी चुकली. फोटो निघतो हे तिला कळलं. निघालेला फोटो कुठे जातो, तो तास कोकरांनी खाल्ला.

तिला विचारायचं सुचलंही नाही. बटन दाबलं म्हणजे फोटो निघाला, निघाला म्हणजे लॅपटॉपात कुठेतरी गेला. सहा महिने ती प्रत्येक फॉर्म पूर्ण झाला की ते एकच बटन, शेजारी दुसरं काही न दाबता, मोठ्या विश्वासाने दाबत होती आणि पुटपुटत होती, "आला."

बाकावर रोजचं एक गिऱ्हाईक बिनकामाचं असायचं: सुंदरराव. ऊस बराच, पुढारपण त्याहून जास्त, आणि पेपर वाचायला हक्काची जागा बबिताबाईचं दुकान. गाव त्यांना आप्पा म्हणतं.

"काय गं बबिता, दिवसभर कुणाचे फोटो काढतीस त्याच्यातून? आमचा बी काढ की एखादा."

"तुमचे फोटो काढायला फ्लेक्सवाला हाय आप्पा. मी झालेल्या कामाचे काढते."

बाक हसायचा. आप्पा पेपर उलटायचे.

एकदा याच आप्पांनी ओढ्यावरच्या पुलासाठी अर्ज टाइप करायला दिला. मागच्या अर्जातला मजकूर उचलून या अर्जात टाकायचा होता. मजकूर उचलून झाला, तेवढ्यात कुणाचा तरी शिष्यवृत्तीचा अडकलेला फॉर्म पुढे सरकला; तो पुरा केला, सवयीने बटन दाबलं आणि ती परत अर्जाकडे वळली. कंट्रोल आणि व्ही दाबून मजकूर ठेवला, प्रिंट काढली, आप्पांच्या हातात दिली. आप्पांनी चष्मा लावला, खाली केला, परत लावला.

"बबिता, ओढ्याच्या मधोमध हे पोरगं कशाला उभं हाय?"

अर्जाच्या बरोबर मध्यावर शिष्यवृत्तीचं आख्खं पान येऊन बसलं होतं, पोराच्या पासपोर्ट फोटोसकट. बबिताबाईने कपाळाला हात लावला, फोटो पुसला, मजकूर हाताने टाइप केला. "वारं आलंय ह्याला," लॅपटॉपच्या पाठीवर चापट मारून ती म्हणाली. तेवढ्यावर ते संपलं. त्या पोराचं नाव मात्र गावात 'पुलावरचा' पडलं ते पडलंच.

मग दसऱ्याआधीचा तो दिवस.

तानाजीभाऊ दुपारी तीनला आले. मागे त्यांची राजनंदिनी आणि स्टँडसमोर उभ्या केलेल्या जीपमध्ये पत्र्याची नवी कोरी पेटी. पेटीवर पांढऱ्या रंगात झोकदार अक्षरं: कु. राजनंदिनी तानाजी. खाली, बी. एस्सी. नर्सिंग.

लातूरच्या एका कॉलेजात तिला जागा लागली होती, दुसऱ्या फेरीत, यादीतल्या शेवटून तिसऱ्या नावावर. त्या दिवशी पाच वाजेपर्यंत साइटवर होकार द्यायचा. नाही दिला तर जागा खालच्या नावाला. त्यानंतर फेरी नव्हती.

"भाऊ, जागा पक्की व्हायच्या आधीच पेटी रंगवलीत?" बबिताबाईने विचारलं.

"पेंटर गावात आलता, मी म्हणलं उरकून घ्या."

"आता न्हाई झालं तर पेटीवर काय लिहिणार? 'होणार होती'?"

"तोंडात साखर घाल बाई!" तानाजीभाऊ हसले, पण बसले नाहीत. राजनंदिनी खुर्चीच्या कडेवर बसून एकेक बोट मोडत होती. दहा बोटं झाली की परत पहिल्यापासून.

साइट मुंगीच्या पावलांनी चालत होती. तीन छप्पन्नला होकाराचं बटन दाबलं गेलं. चाक फिरलं, फिरलं, आणि पान उघडलं: मोठी हिरवी बरोबरची खूण, खाली 'आपली जागा निश्चित झाली आहे', अर्ज क्रमांक, तारीख, वेळ. राजनंदिनी ओरडलीच. बबिताबाईने बटन दाबलं. "आला." मग पावती उतरवून घ्यायला गेली. चाक पुन्हा फिरायला लागलं.

आणि लाइट गेली.

पंखा गरगरत थांबला. इंटरनेटच्या डब्यावरचा हिरवा दिवा विझला. पडद्यावरचं पान पांढरं झालं. बबिताबाई घाबरली नाही. मोबाइलवरून नेट जोडलं, पुन्हा आत शिरली. यावेळी पडद्यावर लाल ओळ आली: 'जागा निश्चित केलेली नाही.' होकाराचं बटन राखाडी. दाबावं तर दबेना.

"आत्ता तर झालतं!" राजनंदिनीचा आवाज चिरकला. "काकू, आत्ता दिसलतं की हिरवं!"

"दिसलं गं. सगळ्यांनी बघितलं."

मदतीच्या नंबरावर सतरा वेळा फोन लावल्यावर एकदा लागला. पलीकडची बाई भराभर बोलली: असं आज बऱ्याच जणांचं झालंय, तक्रारीच्या पानावर अर्ज क्रमांक टाका आणि ते हिरवं पान दिसल्याचा फोटो जोडा, फोटोत वेळ दिसली पाहिजे, पाचच्या आत. फोन बंद.

तानाजीभाऊंच्या चेहऱ्यावर रंग परत आला. "फोटो? मग झालं की! बबिताबाई तर फोटोशिवाय कायच करत न्हाई!"

ती पण हसली. तक्रारीचं पान उघडलं. अर्ज क्रमांक बारा आकड्यांचा. तिने तो लाल ओळीच्या पानावरून आधी वहीत लिहून घेतला आणि वहीत बघून एकेक आकडा टाइप करायला लागली.

"अगं कॉपी मार की तिथनं!" आप्पा म्हणाले. "लिहीत कावून बसलीस? बॅटरी चालली तिकडं."

"हातानं लिहिलेला आकडा चुकला तर मला कळतंय आप्पा. थांबा जरा."

बॅटरी चौदा टक्के. आकडे झाले. आता फोटो. तिने फोल्डर उघडला. पासपोर्ट फोटो, सह्या, आधार कार्डं, सातबारे. हिरवं पान नाही. दुसरा फोल्डर. तिसरा. कालच्या फॉर्मचा फोटो नाही. परवाचा नाही. सहा महिन्यांतला एकही नाही.

बबिताबाईचा हात माउसवर तसाच राहिला. जाळीचं तोंड उघडून आत बघावं आणि सगळं कुंपण मोकळं दिसावं, तसा तिचा चेहरा झाला होता.

"काय झालं?" तानाजीभाऊंनी विचारलं.

"एक बी न्हाई," ती हळूच म्हणाली. "मी काढले ते गेले कुठं?"

बाहेर महामार्गावरून ट्रक गेला, फळी थरथरली. राजनंदिनीने बोटं मोडायची थांबवली होती. ती जीपकडे बघत होती. जीपमधल्या पेटीकडे.

"बंद करून चालू कर," आप्पा म्हणाले. "माझा मोबाइल अडकला की मी तेच करतो. सगळं जाग्यावर येतं." आणि मदत म्हणून त्यांनी स्वतःच हात पुढे करून पॉवरच्या बटनावर बोट नेलं.

"हात लावू नका!"

आप्पांवर गावात असं कुणी ओरडत नाही. त्यांचं बोट हवेतच राहिलं. बबिताबाईला स्वतःलाही कळलं नसावं की आपण ओरडलो. ती पडद्याकडे बघत होती, पण डोळे दुसरीकडेच होते.

"आप्पा, तुमच्या पुलाच्या अर्जात ते पोरगं कुठनं आलतं?"

"आता ते कावून काढलंस मधीच?"

"त्याचा फॉर्म झाला, मी बटन दाबलं, आणि लगोलग तुमच्या अर्जात कंट्रोल व्ही मारलं. तर मजकुराच्या जागी त्याचा फोटो आला." ती स्वतःशीच बोलत होती, पण भराभर, एकेक शब्द पुढच्याला ढकलत. "म्हणजे फोटो निघतोय. निघून हातात ऱ्हातोय. मी खालीच ठेवत न्हाई. कोकरू काढावं आणि हातात धरूनच बसावं, तसं. आणि दुसरं उचललं की पहिलं..."

तिने वाक्य पुरं केलं नाही. गरज नव्हती. सहा महिन्यांची कोकरं कुठे गेली ते तिला कळलं होतं.

"मग आता हातात काय हाय?" राजनंदिनीने विचारलं. तिलाही कळलं होतं. "काकू, ते लाल पान आलं तेव्हा तुमी बटन दाबलं का?"

सगळे बबिताबाईकडे बघायला लागले. दाबलं असेल तर हातात लाल पान. नसेल दाबलं तर हिरवं. ती दिवसातून शंभरदा ते बटन दाबते, बोलता बोलता दाबते, चहा पिता पिता दाबते.

"दाबलं असशील," आप्पा म्हणाले. "तुझं बोट कुठं थांबतंय."

बबिताबाईने मान हलवली. "न्हाई. लाल पान म्हणजे काम झालेलं न्हाई. आत शिरलेलंच मी मोजते आप्पा. तोंडाशी उभ्याला 'आली' म्हणायचं न्हाई, असं बापानं शिकवलंय."

"आणि कॉपी?" राजनंदिनी पुटपुटली. "आकडा कॉपी केला असता तर..."

ती आप्पांकडे बघणार होती, पण सभ्य पोरगी, पेपराकडे बघितलं. आप्पांनीही पेपराकडेच बघितलं.

बॅटरी नऊ टक्के. चार अडतीस.

पासपोर्ट फोटो कापून लहान करायला ती रोज पेंट वापरते, तेच उघडलं. पांढरा कोरा चौकोन आला. बबिताबाईने पदराला हात पुसले. डाव्या हाताने कंट्रोल धरलं, आणि मला आठवतंय, व्हीवर बोट ठेवायच्या आधी तिने डोळे मिटले. आम्ही कुणीच मिटले नाहीत.

हिरवं.

आख्खं पान, मोठ्ठी हिरवी खूण, अर्ज क्रमांक, वेळ, आणि खाली उजव्या कोपऱ्यात लॅपटॉपचं स्वतःचं घड्याळसुद्धा, तीन सत्तावन्न. तानाजीभाऊंनी असा आवाज काढला की शेजारचा वाइंडिंगवाला हातातली तार घेऊनच धावत आला. आप्पांनी टाळी वाजवली. राजनंदिनी रडत होती आणि हसत होती आणि "सेव्ह करा, काकू, सेव्ह करा, सेव्ह," एवढंच म्हणत होती.

सेव्ह केलं. तक्रारीला जोडलं. साइट म्हणाली, हा प्रकार चालत नाही, जेपीजी हवा. बॅटरी सहा. परत पेंट, परत सेव्ह, यावेळी जेपीजी. चार. चाक फिरायला लागलं. आम्ही पाच माणसं त्या चाकावर वाकलेलो, वाइंडिंगवाला सहावा, त्याला कशासाठी ते ठाऊक नव्हतं पण श्वास त्यानेही धरला होता. चार सत्तेचाळीसला ओळ उमटली: तक्रार मिळाली. पुढे आठ आकडी क्रमांक. बबिताबाईने तो तळहातावर लिहिला, राजनंदिनीने मोबाइलमध्ये त्याचा फोटो घेतला, आप्पांनी पेपरच्या कडेवर टिपला. तानाजीभाऊंना काही सापडलं नाही म्हणून ते तो मोठमोठ्याने म्हणत बसले.

शेवटचा आकडा म्हणून होतोय तोवर लॅपटॉप विझला. काळ्या पडद्यात आम्हा सगळ्यांचे चेहरे एकमेकांना चिकटून दिसले, दात काढलेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर गेलं तेव्हा जीप आधीच उभी होती, पेटीसकट. तानाजीभाऊंनी ती घरी उतरवलीच नव्हती. "उतरवली की अपशकुन," म्हणाले. लाइट होती. साइटही जागी होती. लाल ओळीच्या जागी हिरवी ओळ, आणि यावेळी पावतीही उतरली, दोन पानी. तानाजीभाऊ दुकानाबाहेर जाऊन रस्त्यावरच्या येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायला लागले. बीडकडे निघालेल्या एसटीच्या कंडक्टरलाही सांगितलं. त्याने घंटी वाजवली.

आप्पांनी पेढे आणले. बबिताबाईसमोर खोका धरला आणि घसा खाकरला. "काल मी ते बटन दाबलं असतं, तर?"

"तर आज पेढे तुमाला न्हाई, मला आणावे लागले असते. गावाची माफी मागायला." तिने दोन पेढे उचलले. "एक लॅपटॉपचा."

त्याच आठवड्यात ती नेकनूरला गेली, सरांना शोधून काढलं आणि बुडालेला तास पुरा करून आली. खिडकीच्या बटनासोबत दाबलं की फोटो आपोआप फोल्डरमध्ये जाऊन बसतो. खिडकी, शिफ्ट आणि एस दाबलं की पाहिजे तेवढाच तुकडा कापून घेता येतो. आता ती संध्याकाळी दुकान बंद करण्याआधी दिवसभराचे फोटो एकेक उघडते, पेंटमध्ये कोपऱ्यावर लाल ठिपका देते आणि म्हणते, "आला... आला... आला." फोटोंना नावंही तिची तिची. 'हसरी, गालावर तीळ.' 'चौसाळा, तिघं भाऊ, मधला.' 'पुलावरचा, दुसरं वर्ष.' अर्ज क्रमांकाने शोधायला गेलात तर काही सापडत नाही. तिला विचारलंत तर पापणी लवायच्या आत सापडतं.

शुक्रवारी दुपारी तिच्या दुकानात बायकांची गर्दी असते. फॉर्म कुणाचाच नसतो. पडद्याचा फोटो कसा घ्यायचा आणि घेतला की खाली कसा ठेवायचा, हे ती शिकवते. मध्येच एखादी म्हणते, आला. ती विचारते, "कुठं आला? दाखव बघू."

राजनंदिनी लातूरला निघाली त्या दिवसाचं सांगायचं राहिलं. जीपमध्ये पेटी, पेटीवर गादी, गादीवर पापडांचा डबा, आणि तानाजीभाऊ पुढच्या सीटवर नव्या टोपीत. निरोप द्यायला स्टँडवर निम्मी गल्ली जमली होती. कुणी नारळ दिला, कुणी नीट राहा म्हणालं, आप्पांनी छोटंसं भाषणही केलं. राजनंदिनी जीपमधून उतरून दुकानात पळत आली आणि वाकून बबिताबाईच्या पायाला हात लावला. बबिताबाईसमोर एक म्हातारबुवा अंगठा पुढे करून बसले होते. त्यांचा अंगठा यंत्रावर ठसत नव्हता. तिने एका हाताने त्यांचा अंगठा धरून ठेवला, दुसरा हात राजनंदिनीच्या डोक्यावर ठेवला, आणि पडद्यावरची नजर न काढता विचारलं,

"चार्जर घेतलास का गं?"